टिकलेलं गाणं, टाकलेलं गाणं

आठ मार्चच्या कार्यक्रमात कोणती गाणी घ्यायची, हे ठरवायला आम्ही बसलो आणि दोन तास भांडलो. गटातल्या तरुण मुलींना हळदीला वाजतं तसं एक आगरी-कोळी गाणं लावून नाचायचं होतं. जुन्या कार्यकर्त्यांना ते पसंत नव्हतं. "ही चार दिवसांची गाणी आहेत. उद्या कुणाला आठवणारही नाहीत. आपण टिकाऊ गाणी घेऊ," असं एकीनं म्हटलं. टिकाऊ गाण्यांची यादीही लगेच तयार झाली. त्यात दोन भावगीतं, एक नाट्यगीत, बहिणाबाईंची एक कविता आणि चळवळीतली चार गाणी होती. तेवढ्यात गावठाणात राहणाऱ्या एक काकी हळूच म्हणाल्या, "माझी आजी धवले गायची. तिच्या आजीपासूनचे. ते तुमच्या यादीत कुठं बसतात?"

सगळ्या गप्प झालो. कारण यादी करणाऱ्या आम्हा कुणालाच ते सुचलं नव्हतं. जे गाणं या जमिनीवर सर्वांत जास्त काळ टिकलं, तेच आमच्या टिकाऊ गाण्यांच्या यादीत नव्हतं. हे संपादकीय त्या गप्प बसण्यातून आलं आहे. गाणं टिकाऊ आहे की टाकाऊ हे नेमकं कोण ठरवतं? कशाच्या आधारावर? आणि त्या ठरवण्यात बायांच्या वाट्याला काय येतं?

गाण्याची किंमत काळ ठरवतो, असं आपण सहज म्हणतो. चांगलं असेल ते उरेल, वाईट असेल ते वाहून जाईल. ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण काळाला हात नसतात. गाणं उचलून ठेवणारे हात माणसांचे असतात, आणि वही, छापखाना, रेकॉर्ड कंपनी, रेडिओ ज्यांच्या हातात असतो त्यांनी उचललेलं गाणंच बहुतेक वेळा उरतं.

बहिणाबाई चौधरींचंच उदाहरण घ्या. खानदेशातली शेतकरी बाई, लिहिता-वाचता न येणारी, जात्यावर आणि शेतात गाणी रचणारी. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीत घराबाहेर त्या गाण्यांना कुणी कविता म्हटलं नव्हतं. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता म्हणून काही गाणी कागदावर उतरली. ती आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांनी त्यांना चाली दिल्या म्हणून ती घराघरांत पोचली. आज बहिणाबाई शाळेच्या पुस्तकात आहेत आणि जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. याचा आनंद आहेच. पण मुलगा कवी नसलेल्या किती बहिणाबाई त्याच काळात, त्याच तापीकाठी गात होत्या? त्यांची गाणी काळाच्या कसोटीवर नापास झाली असं आपण म्हणणार का? ती त्या परीक्षेला बसलीच नाहीत.

परीक्षकही चुकतात, आणि मोठ्या खुर्चीत बसून चुकतात. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्राचे नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीतं हलकी, अभिरुची बिघडवणारी, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या धोरणामुळं आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारला त्याच गाण्यांसाठी दार उघडावं लागलं. आज त्या दशकातल्या चित्रपटसंगीताला सगळे सुवर्णयुग म्हणतात. तेव्हाच्या शहाण्या माणसांच्या लेखी ती चार दिवसांची गाणी होती. तेव्हा हळदीच्या गाण्याला आपण 'चार दिवसांचं' म्हणतो, त्या वेळी केसकरांची आठवण ठेवलेली बरी.

याचा अर्थ लोकांना आवडतं ते सगळं चांगलं, असा मात्र नाही. तिकडं पुढं येऊच. आधी नावाचा प्रश्न.

गाणं टिकतं तेव्हा त्याच्याबरोबर कुणाचं नाव टिकतं? १९४९ मध्ये 'महल' चित्रपटातलं गाणं देशभर गाजलं, तेव्हा त्याच्या तबकडीवर गाणारीचं नाव नव्हतं. पडद्यावरच्या पात्राचं, म्हणजे 'कामिनी'चं नाव होतं. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडं विचारणा केल्यावर लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. पुढं पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरचं वेगळं पारितोषिक नव्हतं, तेव्हा त्यांनी त्या समारंभात गायला नकार दिला, आणि मग ते सुरू झालं. गाण्याच्या रॉयल्टीसाठीही त्या भांडल्या. लता मंगेशकरांना एवढं करावं लागलं, तर ज्यांच्यामागं ना कंपनी ना शहर, त्यांचं काय होणार?

त्यांचं जे झालं ते एका शब्दात मावतं. तो शब्द म्हणजे 'पारंपरिक'. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, छोट्या कंपन्या निघाल्या आणि कोळीगीतं, भीमगीतं, लग्नाची गाणी बाजारात आली. ही चांगलीच गोष्ट झाली. ज्या आवाजांना आकाशवाणीच्या चाचणीत जागा नव्हती ते आवाज पानाच्या टपरीवर ऐकू यायला लागले. पण कॅसेटच्या वेष्टणावर संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव, निर्मात्याचं नाव, आणि गीतापुढं कितीदा तरी 'पारंपरिक' एवढंच. परंपरा म्हणजे कुणीतरी बाई. ओटीवर बसून तिनं ती ओळ रचली, सुनेला शिकवली, सुनेनं एक कडवं वाढवलं. या सगळ्यांचं मिळून नाव झालं 'पारंपरिक', आणि पारंपरिक या नावानं मानधनाचा चेक निघत नाही.

तमाशातही वेगळं घडलं नाही. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण्य सोडून फडावर गेले, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांच्या लावण्या ज्या पवळाबाईच्या गळ्यातून आणि पायांतून लोकांपर्यंत गेल्या, ती महार समाजातली बाई त्यांच्या गोष्टीत 'बापूरावांची पवळा' एवढीच उरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. फडावर नाचता नाचता पोटात कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिगत आपण भाषणांतून कितीदा सांगतो. २००२ मध्ये त्या गेल्या, त्या आधीची वर्षं आजारपणात आणि पैशाच्या ओढीत गेली. नंतर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कला टिकावी असं सगळ्यांना वाटतं, कलावंतीण टिकावी याची काळजी मात्र ती गेल्यावर सुरू होते.

लावणीच्या बाबतीत आपण चळवळीतल्या बायाही नीट वागलेल्या नाही, हे कबूल करू. लावणीत बाईच्या तोंडून बोलणारे बहुतेक शब्द पुरुषांचे आहेत. शाहिरांनी लिहिलं, पुढं चित्रपटातल्या गीतकारांनी लिहिलं, बाईनं गायलं आणि समोर फेटे उडाले. तेव्हा या गाण्याकडं संशयानं बघणं साहजिक होतं. पण त्या संशयात किती भाग स्त्रीवादाचा आणि किती भाग पांढरपेशा सोवळेपणाचा, हे आपण तपासलं का? शर्मिला रेगे यांनी १९९५ पासून हाच प्रश्न लावून धरला होता. लावणी करणाऱ्या बायांची जात, त्यांचं कष्टाचं जीवन आणि त्यांच्यावर लादलेली 'उपलब्ध बाई' ही ओळख विसरून लावणीचा विचार करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. डोक्यावरून पदर घेऊन माइकसमोर उभ्या राहणाऱ्या सुलोचना चव्हाणांची लावणी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात गेली, आणि त्यांचा आवाज होताच तसा. कोल्हाटी समाजातल्या यमुनाबाई वाईकरांची बैठकीची, अदाकारीची लावणी मात्र रसिकांच्या छोट्या वर्तुळाबाहेर लोकांनी फार उशिरा ऐकली. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. गाण्याची प्रतिष्ठा गाणारीच्या जातीवरून आणि पदरावरून ठरत असेल, तर त्या निकालाला 'काळाची कसोटी' कसं म्हणायचं?

आपल्या उंबऱ्यावरचंच आणखी एक उदाहरण. २००५ मध्ये राज्य सरकारनं डान्सबारवर बंदी आणली, तेव्हा पनवेल परिसरातल्या बारची चर्चा फार झाली होती. लोकप्रिय चित्रपटगीतांवर तीन तारांकित हॉटेलात कुणी नाचलं तर तो कार्यक्रम, आणि त्याच गाण्यावर बारमध्ये नाचलं तर ती अश्लीलता, असा तो कायदा होता. स्त्रीसंघटना तेव्हा दोन बाजूंना उभ्या राहिल्या. काहींनी बंदीचं स्वागत केलं, काहींनी नाचणाऱ्या बायांच्या पोटावर पाय देऊ नका म्हणून मोर्चे काढले. एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. या आठ वर्षांत रोजगार गेलेल्या बायांचं काय झालं, हा हिशेब कुणी मांडला? गाणं तेच होतं. नाचणारी कोण आणि कुठल्या छपराखाली, यावर त्याची किंमत ठरली.

आता पुन्हा त्या काकींच्या धवल्यांकडं येते.

आगरी लग्नात धवले गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. मांडव घालण्यापासून हळद, घाणा, तेलवण, पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं. ती देवांना बोलावते, पूर्वजांना बोलावते, झाडांना आणि समुद्रालाही आमंत्रण देते. तिनं गायल्याशिवाय विधी पुरा होत नाही. पूर्वी धवलारीणच लग्न लावायची, भटजी नंतर आले, असं जुन्या बाया सांगतात. पुरोहिताशिवाय लग्न लावण्यासाठी जोतीराव फुल्यांना १८७३ मध्ये सत्यशोधक विवाहाची चळवळ उभारावी लागली. आणि इथं खाडीकाठी एक निरक्षर बाई आपल्या गळ्याच्या जोरावर पौरोहित्य करत होती. आपण तिला 'लोकगीत गाणारी' म्हणून कोपऱ्यात बसवलं.

आणि हा शब्द किती जुना आहे पहा. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला महदाइसेनं लग्नप्रसंगी जी गाणी गायली, त्यांना 'धवळे' म्हणतात. कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरची ही रचना. तिच्यामुळं महदाइसा मराठीची आद्य कवयित्री ठरली. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थिनीला हे परीक्षेपुरतं ठाऊक असतं. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो. धवळे म्हणजेच धवले. शब्द तोच, प्रसंग तोच, गाणारी बाईच. महदाइसेचे धवळे महानुभावांनी जतन केलेल्या पोथीत राहिले म्हणून वाङ्मयाच्या इतिहासात गेले. घणसोली, करावे, उलव्याचे धवले गळ्यात राहिले म्हणून 'स्थानिक चालीरीत' झाले.

हे धवले आता संपत आले आहेत, आणि त्याला नुसता डीजे जबाबदार नाही. १९७० मध्ये सिडको आली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के जमीन परत देण्याचं मान्य झालं. शेतं गेली, मिठागरं गेली. भातलावणीची गाणी कुठल्या चिखलात म्हणायची? अंगण गेलं, तिथं चार मजली चाळ उभी राहिली. मांडव पाच दिवसांचा होता तो हॉलच्या चार तासांवर आला. विमानतळासाठी दहा गावं उठली. त्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. गाव उठतं तेव्हा घराची भरपाई मोजतात. घाणा भरायला ज्या चार घरच्या बाया बसायच्या त्या चार ठिकाणी पांगल्या, तर त्यांच्या मिळून असलेल्या गाण्याची भरपाई कुठल्या तक्त्यात लिहितात? गाणं टिकलं नाही असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन टिकू दिली का, हेही विचारायला हवं.

हळदीच्या गाण्यांकडंही आता जरा नीट बघू. त्यांतली बरीच गाणी बाईला 'माल' समजणारी आहेत, यात शंका नाही. पण त्या रात्री जी सासुरवाशीण वर्षातून एकदा, सासऱ्यादेखत, घाम येईपर्यंत नाचते तिला आम्ही विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, शब्द कोण ऐकतंय? पाय मोकळे होतात." हे उत्तर पुरेसं नाही, पण खोटंही नाही. 'झिंगाट' हे २०१६ चं गाणं इतक्या वर्षांनंतरही प्रत्येक वरातीत वाजतं. गावातल्या पोरापोरींना त्याच्या ठेक्यात आपलं काहीतरी सापडलं, म्हणूनच ना? त्या मोकळ्या पायांची किंमत करायची आणि शब्दांशी भांडायचंही, या दोन्ही गोष्टी एका वेळी करता यायला हव्यात.

शब्दांशी भांडायला मात्र हवंच, आणि फक्त नव्या गाण्यांच्या नाही. इथं आपल्या लाडक्या जुन्या गाण्यांचाही मुलाहिजा ठेवून चालणार नाही. जात्यावरच्या ओव्यांत लेकाचं कौतुक किती आणि लेकीचं किती, मोजून पहा. डोहाळ्यांच्या गाण्यांत मुलगाच मागितला जातो. मंगळागौरीच्या फेरात सासुरवास हसत हसत सांगितला जातो आणि हसत हसतच सोसला जातो. ही गाणी शेकडो वर्षं टिकली. का टिकली? गोड होती म्हणून, आणि ज्या व्यवस्थेतून आली ती व्यवस्था टिकली म्हणूनही. हुंडाही टिकला आहे. टिकणं हा गुण असता तर आपल्याला चळवळ करायची गरजच पडली नसती.

पण त्याच ओव्यांत दुसरंही आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याजवळच्या मुळशीतल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून, बायांबरोबर बसून, हजाराहून अधिक गावांतल्या लाखावर ओव्या गोळा केल्या. पुढं 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह लोकांसमोर ठेवल्या. त्यात सीतेची बाजू घेऊन रामाला जाब विचारणाऱ्या बाया आहेत, बाबासाहेबांना भाऊ मानणाऱ्या बाया आहेत, नवऱ्याच्या माराबद्दल जात्याशी बोलणाऱ्या बाया आहेत. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये आणि सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्यमालेत जे जपलं, त्याच्या पुढचं हे पाऊल होतं, कारण इथं 'पारंपरिक' या शब्दाच्या जागी बाईचं नाव आलं. पिठाच्या गिरणीनं जातं बंद केलं, याचं दुःख करण्याचं कारण नाही. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईचे खांदे सुटले. पण जात्याबरोबर बोलणंही गेलं असतं, ते या कामामुळं राहिलं. कष्ट जावेत आणि शब्द राहावेत, असं होऊ शकतं.

आणि शेवटी आपलीच गाणी, चळवळीतली. मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये चार प्राध्यापकांचं खुलं पत्र आलं, १९८० मध्ये देशभर बाया रस्त्यावर आल्या, १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मोर्चांत रातोरात गाणी रचली गेली, बहुतेक गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर. ती युक्ती आपली नव्हे. आंबेडकरी जलशांनी आणि नंतरच्या भीमगीतांनी ती आपल्या आधीच वापरली होती. वामनदादा कर्डकांची गाणी कुठल्याही रेकॉर्ड कंपनीच्या आधी वस्त्यावस्त्यांत पोचली होती. १९८३ मध्येच स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक आलं आणि त्यातली गाणी प्रेक्षक बाया घरी घेऊन गेल्या. त्या काळातली कितीतरी मोर्चाची गाणी आज कुणालाच आठवत नाहीत. ती कमअस्सल होती का? एका दुपारी, लाठीसमोर, दोनशे बायांचा घसा एकत्र आणायचं काम त्यांनी केलं. काम झालं आणि ती विरली. विस्तव पेटवणाऱ्या काडीला 'टिकली नाही' म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

म्हणजे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. गाणं किती टिकलं हा एक, आणि त्याचं मोल काय हा दुसरा. काही गाणी मोलाची असून टाकली गेली. काही टिकली, पण ती टाकून द्यायच्या लायकीची आहेत. काही क्षणभर जगली आणि सार्थकी लागली.

मग मोल कशावर जोखायचं? आमच्या भांडणातून चार प्रश्न निघाले. ते अंतिम नाहीत, पण चर्चेला उपयोगी पडतील म्हणून देते.

पहिला, ज्या बाईबद्दल हे गाणं आहे, ती हे गाणं स्वतः मान खाली न घालता गाऊ शकते का?

दुसरा, पैसे आणि माइक नसताना हे गाणं कोण गातं? कामाच्या वेळी, मूल निजवताना, दुःखात, मोर्चात ते तोंडी येतं का?

तिसरा, त्यात दुसरीला जागा आहे का? तिला आपलं कडवं घालता येतं का, शब्द बदलता येतो का? डोहाळ्याच्या गाण्यात 'लेक' हा शब्द बसवून पाहिला तर चाल मोडत नाही. मोडतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते मोडायलाच हवं.

चौथा, या गाण्यानं कुणाचं नाव झालं, कुणाचं घर चाललं, आणि कुणाचं नाव पुसलं गेलं?

हे प्रश्न भावगीताला विचारा, लावणीला विचारा, हळदीच्या गाण्याला विचारा आणि आपल्या मोर्चाच्या गाण्यांनाही विचारा. कुठलंच गाणं चारही प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण मिळवणार नाही. मिळवावेत अशी अपेक्षाही नाही. पण 'दर्जेदार' आणि 'थिल्लर' या दोन खोक्यांत गाणी टाकून मोकळं होण्यापेक्षा हे बरं.

आठ मार्चचं काय ठरलं, ते सांगायचं राहिलं. सुरुवात धवल्यानं करायची असं एकमतानं ठरलं. काकींची चुलत जाऊ येणार आहे, तिला बऱ्यापैकी येतात. तिला प्रवासखर्च आणि मानधन द्यायचं, पत्रिकेवर तिचं नाव छापायचं. मुलींनी हळदीच्या ठेक्यावरच नाचायचं, पण शब्द त्यांनीच लिहायचे. त्यांनी पहिला खर्डा आणला आहे. त्यात भाषणबाजी जास्त आणि मजा कमी आहे, असं आमचं मत त्यांना कळवलं आहे. त्यांनी आमचं मत फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही, हेही चांगलंच.

आणि एक काम तुम्हा सगळ्यांसाठी. तुमच्या गावात, वस्तीत, कोळीवाड्यात धवले, ओव्या, लावणीची (शेतातल्या आणि फडावरच्या, दोन्ही), भीमाची, अंगाईची गाणी येणाऱ्या बाया असतील तर त्यांच्याकडं जा. हातातल्या मोबाइलवर आवाज उतरवून घ्या. पण आधी विचारा. बाईचं नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकली, कुठल्या प्रसंगी म्हणते, हे लिहून घ्या. लोकांना ऐकवायला तिची परवानगी आहे का ते विचारा आणि ती नाही म्हणाली तर तिचं गाणं तिच्याजवळच राहू द्या. उतरवलेल्या गाण्याची एक प्रत तिच्या घरी देऊन या. जे गाणं ऐकून तुमच्या मनात राग आला तेही उतरवा, आणि राग का आला ते खाली लिहा. पुढच्या पिढीला आपलं गाणं आणि आपलं भांडण, दोन्ही मिळायला हवं.

त्या दिवशी बैठक संपताना काकींना आम्ही एक धवला म्हणायला सांगितला. त्यांना दोनच कडवी आठवली. तिसऱ्याला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढचं आजीला यायचं." धवलारीण आजी कधीच्या गेल्या. तेव्हा मैत्रिणींनो, उशीर नको. तुमच्याकडं काय सापडतं आणि या चार प्रश्नांबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते जरूर कळवा. तुमची पत्रं पुढच्या अंकात छापू.